पेट्रोलचा भडका उडाला तेव्हा देशाची तिजोरी कराडच्या माणसाकडे होती: यशवंतराव चव्हाण आणि १९७३ चं तेलसंकट

वाईच्या गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली या कोशाचा पहिला खंड १९७६ साली बाहेर आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या बॉम्बे हायमधून तेल निघायला सुरुवात झाली.

आता विश्वकोश कुठे आणि तेलविहीर कुठे? थेट संबंध काहीच नाही. पण दोन्हीच्या मागे गेलात तर एकच माणूस भेटतो. विश्वकोशाचं काम ज्या साहित्य संस्कृती मंडळाने हाती घेतलं, ते १९६० साली मुख्यमंत्री असताना यशवंतराव चव्हाणांनी उभं केलं आणि त्याची सूत्रं वाईच्या तर्कतीर्थांकडे दिली. आणि बॉम्बे हायच्या तेलाची देशाला सगळ्यात जास्त निकड भासली तेव्हा, म्हणजे १९७३ च्या तेलसंकटात, देशाचे अर्थमंत्री होते तेही यशवंतरावच.

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, प्रीतिसंगमावरची समाधी, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्यांच्या आयुष्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला, त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. लागणारी वस्तू दुसऱ्याकडून येते, ती तिसऱ्याच्या वाटेने येते, आणि वाटेत कोणी आडवा आला तर काय करायचं? आज होर्मुझच्या सामुद्रधुनीत जरा खुट्ट झालं की आपल्या सिलिंडरच्या दराची चर्चा सुरू होते. प्रश्न तोच आहे.

तारा तोडणारा, मग रेशन वाटणारा

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. वडील लहानपणीच गेले. आई विठाईने मुलांना वाढवलं. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना १९३२ साली स्वातंत्र्यदिनाचा झेंडा लावल्याबद्दल त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमधून बी.ए., पुण्यातून वकिली. मधल्या काळात मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी त्यांना चांगलंच ओढलं होतं. वाईचे तर्कतीर्थ हे त्या गोटातलं मोठं नाव. पुढे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांना साथ द्यायची की नाही, यावरून यशवंतराव रॉय यांच्यापासून दूर झाले. तर्कतीर्थांशी जमलेलं मैत्र मात्र टिकलं.

१९४२ च्या जूनमध्ये त्यांचं वेणूताईंशी लग्न झालं आणि दोन महिन्यांत नवरदेव भूमिगत. सातारा जिल्ह्यातल्या त्या चळवळीचं स्वरूप बघा. तारायंत्राच्या तारा तोडायच्या, रेल्वेचे रूळ उखडायचे, टपाल अडवायचं. इंग्रजांशी समोरासमोर लढण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून त्यांच्या वाहतुकीच्या आणि निरोपाच्या वाटा तोडायच्या. वाई तालुक्यातल्या कवठ्याचे किसन वीर याच फळीतले. यशवंतरावांवर सरकारने बक्षीस लावलं होतं. वेणूताईंनाही तुरुंगात टाकलं. पुढे त्या आजारी आहेत म्हणून भेटायला गेलेले यशवंतराव १९४३ साली फलटणला पकडले गेले.

दहा वर्षांत पारडं फिरलं. १९५२ ची निवडणूक झाली आणि मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात यशवंतरावांकडे आलं नागरी पुरवठा खातं. म्हणजे रेशनचं धान्य, साखर, रॉकेल. महायुद्धापासून चालत आलेली नियंत्रणं उठवायचा तो काळ होता. हे खातं कधीच कोणाला नको असतं. धान्य नीट मिळालं तर कोणी आभार मानत नाही आणि एक आठवडा चुकलं तर दारात मोर्चा येतो. त्यांच्या चरित्रांमध्ये या खात्याला जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो. मला वाटतं, तिथे जास्त थांबायला हवं होतं. पुढे अर्थमंत्री म्हणून पेट्रोल महाग करायचं आणि रॉकेलवर हात हलका ठेवायचा, हे गणित त्यांना नवीन नव्हतं.

कोयनेची वीज

१९५६ साली ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचे. कोयना प्रकल्पाचं मोठं काम याच काळात झालं. धरण पाटण तालुक्यात, पण विजेचं मोठं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याची कारखानदारी. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांमधून पाणी पश्चिमेला कोकणात सोडायचं, खाली जनित्रं फिरवायची आणि ती वीज तारांवरून मुंबईला न्यायची. १९६२ साली पहिली वीज मिळाली. मुंबईला परदेशी तेलावर किंवा बिहार-बंगालच्या कोळशावर चालणाऱ्या विजेला घरचा आधार सापडला.

यात एक मेख होती. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचं पाणी पश्चिमेला वळवलं की खालच्या कर्नाटक-आंध्रला तेवढं कमी मिळणार. भांडण पेटलं, १९६९ साली बच्छावत लवाद नेमला गेला आणि पश्चिमेला किती पाणी वळवायचं यावर लवादाने मर्यादा घातली. दुसरी मेख निसर्गाची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, वीजनिर्मिती थांबली आणि त्याचा फटका थेट मुंबईच्या कारखान्यांना बसला. वीज घरची असली तरी ती एकाच ठिकाणाहून येत असेल, तर धोका उरतोच.

शस्त्रं देणारा थांबला तर?

१९६२ च्या नोव्हेंबरमध्ये चीनने हाणामारी केलेली असताना यशवंतराव दिल्लीत संरक्षणमंत्री झाले. पुढच्या वर्षी नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. नाशिकजवळच्या ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तो याच काळात.

१९६४ साली ते अमेरिकेलाही गेले आणि सोव्हिएत युनियनलाही. त्याचं महत्त्व वर्षभरात कळलं. १९६५ चं युद्ध सुरू होताच अमेरिका आणि ब्रिटनने भारत आणि पाकिस्तान दोघांचीही लष्करी मदत बंद केली. पाकिस्तानची बहुतेक शस्त्रं अमेरिकी होती, त्यामुळे त्याला ती बंदी जास्त झोंबली. भारताने आधीच दुसरं दार उघडून ठेवलं होतं. इंधनाच्या बाबतीत आज तज्ज्ञ जे सांगतात, की एकाच विक्रेत्यावर विसंबू नका, ते यशवंतराव संरक्षण खात्यात रोज बघत होते.

आणि मग १९७३

गृहमंत्रिपदानंतर जून १९७० मध्ये अर्थखातं आलं. सुरुवातच बिकट होती. १९७१ मध्ये बांगलादेशातून सुमारे एक कोटी निर्वासित आले, मग युद्ध झालं, अमेरिकेची मदत थांबली. १९७२ ला महाराष्ट्रात असा दुष्काळ पडला की सातारा-सांगलीच्या पूर्व भागातली माणसं खडी फोडायला गेली आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. घरात कोणी सत्तरीच्या पुढचं असेल तर मिलोची चव विचारून बघा.

या सगळ्यावर ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध भडकलं. अरब देशांनी तेलाचं उत्पादन कमी केलं आणि इस्रायलच्या पाठीराख्यांना तेल देणं थांबवलं. भारत त्या यादीत नव्हता, आपण अरबांच्या बाजूने बोलणारे. पण तेलाचा दर मित्र आणि शत्रू बघत नाही. पिंपाला ३ डॉलरच्या आसपास असलेला दर जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या पुढे गेला. तीन महिन्यांत जवळपास चौपट!

तेव्हा भारताला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे दोन तृतीयांश तेल बाहेरून यायचं. १९७२-७३ मध्ये तेलआयातीवर साधारण २०० कोटी रुपये खर्च झाले होते. १९७४-७५ मध्ये हा आकडा ११०० कोटींच्या पुढे गेला. आणि तेल म्हणजे फक्त मोटारी नव्हेत. खतं त्यातूनच, खेड्यातला कंदील आणि शहरातला स्टोव्ह रॉकेलवर, शेतातलं इंजिन डिझेलवर.

अर्थमंत्र्यांपुढे पर्याय फार नव्हते. नोव्हेंबर १९७३ मध्ये सरकारने पेट्रोलवर जबर करवाढ केली. त्याविरोधात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. तो फोटो आजही दर दरवाढीला तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. तेव्हाचे अर्थमंत्री कोण, हे मात्र त्या फॉरवर्डमध्ये नसतं.

करवाढीमागचं गणित साधं होतं. पेट्रोल तेव्हा मोजक्या गाडीवाल्यांचं इंधन होतं, रॉकेल आणि डिझेल सगळ्यांचं. तोडायचंच असेल तर वरच्या फांद्या तोडा. हे बरोबर होतं की नाही यावर आजही वाद घालता येईल. रॉकेल आणि डिझेल स्वस्त ठेवण्याची सवय पुढे अनेक दशकं सुटली नाही आणि स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा त्यातूनच फोफावला.

डॉलरची सोय करण्यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं दार ठोठावलं. तेलाच्या दराने जेरीस आलेल्या देशांसाठी निधीने १९७४ मध्ये खास कर्जाची सोय केली होती, ती भारताने घेतली. इराण आणि इराककडून काही तेल उधारीवर मिळवलं.

तरी महागाई आवरेना. १९७४ मध्ये ती २५ टक्क्यांच्या वर गेली. मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. जुलैमध्ये सरकारने पगारदारांच्या पगारवाढीची पूर्ण रक्कम आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत टाकला, कंपन्यांच्या लाभांशावर बंधनं घातली. कारकुनापासून कारखानदारापर्यंत सगळेच चिडले. अर्थात याच यशवंतरावांनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात प्राप्तिकराचा सगळ्यात वरचा दर ९७.७५ टक्क्यांवरून ७७ वर आणला होता. हो, बरोबर वाचलंत. शंभरातले पावणेअठ्ठ्याण्णव.

महागाई नंतर खाली आली, पण श्रेय घ्यायला ते त्या खात्यात नव्हते. ऑक्टोबर १९७४ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना परराष्ट्र खात्यात हलवलं आणि अर्थखातं सी. सुब्रमण्यम यांच्याकडे दिलं.

समुद्र कोणाचा, आणि वाट कोणाची?

फेब्रुवारी १९७४ मध्ये, म्हणजे दर सगळ्यात वर असताना, 'सागर सम्राट' या जहाजवजा तरंगत्या यंत्रणेला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं. आनंदीआनंद झाला. पण जागा किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर. देशाची सागरी हद्द साधारण २२ किलोमीटरची. मग त्या तळाखालच्या तेलावर आणि वायूवर हक्क कोणाचा?

भारताने १९७६ साली सागरी क्षेत्रांचा कायदा केला आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या संपत्तीवर हक्क सांगितला. त्याच सुमारास श्रीलंका, मालदीव, इंडोनेशिया या शेजाऱ्यांशी समुद्राच्या सीमा ठरवणारे करार होत होते. परराष्ट्रमंत्री यशवंतराव. या करारांवर सिनेमा निघत नाही, पण समुद्रातली प्रत्येक विहीर आणि तळावरची प्रत्येक वाहिनी अशा कागदांवर उभी असते. १९७८ पर्यंत बॉम्बे हायपासून उरणच्या किनाऱ्यापर्यंत समुद्रतळातून तेल आणि वायूच्या वाहिन्या आल्या. उरणचं वायूवरचं वीजकेंद्र आणि अलिबागजवळचा थळचा खत कारखाना पुढे याच वायूवर चालले. वाटेत दुसरा देश नाही, कोणाची परवानगी नाही.

इथे तेल आणि वायूतला फरक लक्षात घ्यायला हवा. तेल पिंपात, टँकरमध्ये, कशातही भरता येतं. एकाने नाही म्हटलं तर जहाज दुसऱ्या बंदरावर पाठवता येतं. वायूचं तसं नाही. त्याला एक तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करावं लागतं, मग तो जहाजातून येतो आणि दाभोळसारख्या टर्मिनलवर परत वायू केला जातो. नाहीतर जमिनीतून वाहिनी टाकावी लागते. वाहिनी एकदा टाकली की विकणारा, घेणारा आणि मधला देश तिघे पंचवीस-तीस वर्षांसाठी एकमेकांच्या गळ्यात पडतात. मधल्या देशाला भाडं मिळतं आणि शिवाय चावीही.

आपल्याला पश्चिमेकडून वाहिनी आणायची तर मधे पाकिस्तान. १९७१ नंतर दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले होते. ते जुलै १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाले. विमानांना एकमेकांच्या आकाशातून वाट मिळाली, समझौता एक्स्प्रेस धावू लागली. त्याच वर्षी चीनमध्येही पंधरा वर्षांनी भारताचा राजदूत गेला. अशी दारं किलकिली झाली नसती तर पुढे इराण-पाकिस्तान-भारत वायुवाहिनीची नुसती चर्चाही झाली नसती. त्या चर्चेचं पुढे काही झालं नाही, हा भाग वेगळा. भारत त्यातून बाहेर पडला आणि तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे येणारी तापी वाहिनी अजून भारतापर्यंत पोचलेली नाही.

पण या कारकिर्दीची दुसरी बाजूही सांगायला हवी. काही ठिकाणी चावी भारताच्याच हातात होती. नेपाळला समुद्र नाही. त्याचं पेट्रोल, औषधं, मीठ सगळं भारतातून जाणार. नेपाळचं म्हणणं होतं की वाट मिळणं हा आमचा हक्क आहे, त्याचा करार व्यापाराच्या करारापासून वेगळा करा. भारत दोन्ही एकत्रच ठेवायचं म्हणत होता. १९७१ चा करार १९७६ मध्ये संपला तरी हा गुंता यशवंतरावांच्या काळात सुटला नाही. वेगळे करार १९७८ मध्ये, जनता सरकार असताना झाले. बांगलादेशाचं तसंच. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला, गंगेचं पाणी वळलं. मे १९७६ मध्ये मौलाना भाशानींनी त्याविरुद्ध मोठा मोर्चा काढला आणि त्या वर्षाअखेर बांगलादेशाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. तडजोड झाली तीही १९७७ च्या शेवटी, सरकार बदलल्यावर.

धोरण इंदिरा गांधी ठरवत होत्या आणि ते आणीबाणीचे दिवस होते, हे खरं. आणीबाणीविरुद्ध यशवंतराव मंत्रिमंडळात राहून काही बोलले नाहीत, हेही तितकंच खरं. पण रेशनच्या खात्यापासून सुरुवात केलेल्या आणि तेलाच्या टंचाईत होरपळलेल्या माणसाला काठमांडू आणि ढाक्याची तगमग कळली नसेल, असं मानणं अवघड जातं.

नेपाळसोबतचा हा अविश्वास पुढेही उफाळला. १९८९ मध्ये करार संपल्यावर भारताने बहुतेक नाकी बंद केली. २०१५ मध्ये सीमेवरची वाहतूक अडली आणि काठमांडूत गॅससाठी लोकांनी चुली पेटवल्या. मग २०१९ मध्ये बिहारच्या मोतिहारीपासून नेपाळच्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची पेट्रोलियम वाहिनी सुरू झाली. २०२३ मध्ये सिलिगुडीहून बांगलादेशातल्या पार्बतीपूरपर्यंत दुसरी.

शेवटची वर्षं

१९७७ नंतरचा प्रवास उताराचा. काही काळ लोकसभेत विरोधी पक्षनेते, १९७९ मध्ये चरणसिंगांच्या औटघटकेच्या सरकारात उपपंतप्रधान, मग काँग्रेसमध्ये परत येण्यासाठी ताटकळत बसणं. अनेक जुन्या कार्यकर्त्यांना ते दिवस आठवायला आवडत नाहीत. शेवटी आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. १९८३ च्या जूनमध्ये वेणूताई गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर ते मनाने खचले. 'कृष्णाकाठ' हा आत्मचरित्राचा पहिला भाग १९८४ साली आला. तो १९४६ पाशी थांबतो. तेलसंकटापर्यंतचं लिहायचं राहूनच गेलं.

ऑगस्ट १९८४ मध्ये देशभर वायू पोचवण्यासाठी गेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. त्यानंतर तीन महिन्यांनी, २५ नोव्हेंबरला, यशवंतराव दिल्लीत वारले. आज देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी साधारण निम्मा बाहेरून येतो आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा कतारचा. तो होर्मुझमधूनच निघतो.

कराडला कृष्णा आणि कोयना जिथे मिळतात तिथे यशवंतरावांची समाधी आहे. वाईच्या घाटांवरून गेलेलं कृष्णेचं पाणी इथे येतं. कोयनेचं सगळं येत नाही. विजेसाठी बोगद्यातून वळवलेलं पाणी चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं.